जुन्या कॉम्प्युटरचं घड्याळ: सेल, साडेपाच तास आणि न लागणारा अंगठा

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी आणि माझे मिस्टर मिळून ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. सातबारा, दाखले, पीक विमा, पीएम किसानची ई-केवायसी, पेन्शनरांचे हयातीचे दाखले ही आमची रोजची कामं. गेल्या दिवाळीच्या आसपास केंद्रातल्या कॉम्प्युटरचं घड्याळ बिघडलं, ते ताळ्यावर यायला नोव्हेंबर अर्धा उलटला. घड्याळ चुकणं किरकोळ वाटतं, पण वेळ चुकली की साइट उघडत नाहीत, अंगठा लागत नाही आणि दोष भलत्याच गोष्टीच्या माथी बसतो. जुनं मशीन सुधारून वापरणारे आपल्याकडे खूप आहेत, म्हणून झालं तसं तारखांसकट लिहिते.

मशीन २०१२ सालचं. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि घरघर करणारी हार्डडिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबणार हे माहीत होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे तो रस्ता बंद. नवीन कॉम्प्युटरला पस्तीस-चाळीस हजार कुठून आणायचे? शेवटी दारव्ह्याच्या दुरुस्तीवाल्या भाऊंशी बोलून ठरवलं की रॅम ८ जीबी करायची, हार्डडिस्कच्या जागी तिच्याहून वेगवान एसएसडी टाकायची आणि तिच्यावर लिनक्स मिंट ही विंडोजसारखीच पण मोफत प्रणाली बसवायची. अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर आमच्याकडे विंडोजवरच चालतं, म्हणून विंडोजही सोबत ठेवायचं. सुरू करताना कोणतं हवं ते निवडायचं.

६ ऑक्टोबरला मशीन दुकानात दिलं आणि १० तारखेला परत आणलं. २५६ जीबीची एसएसडी सतराशे रुपये, जुन्या बाजारातली डीडीआर-थ्री रॅम पाचशे, मजुरी सहाशे. भाऊंनी देतानाच सांगितलं होतं, "ताई, खोलून ठेवलं होतं त तारीख मांग गेली होती. मी लावून देल्ली, पण ध्यान ठेवजा." मशीन खरंच धावायला लागलं होतं. आधी सुरू व्हायला चहा उकळेपर्यंतचा वेळ घ्यायचं, आता खुर्ची ओढेपर्यंत तयार. त्या आनंदात तारखेचं बोलणं मागे पडलं.

ऑक्टोबरात आमच्याकडे परतीचा पाऊस विजांसकट येतो. गेल्या वर्षी शेजाऱ्यांचा टीव्ही असाच गेला होता. त्यामुळे मशीनवर नवीन खर्च झाल्यावर संध्याकाळी केंद्र बंद करताना बोर्डातला प्लग काढून ठेवायचं असं आम्ही ठरवलं. त्याआधी ते वर्षानुवर्षं यूपीएसला लावलेलंच असायचं. ही सवय बदलली तेव्हापासून सकाळी घड्याळ मागे दिसू लागलं. कधी दोन तास, कधी जवळजवळ अख्खी रात्र. आम्ही हाताने वेळ लावायचो आणि कामाला लागायचो.

दिवाळीत केंद्र बंद होतं. भाऊबीज झाल्यावर २४ ऑक्टोबरला उघडलं, तर काळ्या पडद्यावर सीमॉसची (बोर्डावर तारीख आणि सेटिंग जपणाऱ्या भागाची) चूक आहे, एफ-वन दाबा असा संदेश. एफ-वन दाबलं तर निळा पडदा आणि 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. पोटात गोळा आला. एसएसडी गेली असंच वाटलं, आणि तिच्यावर सगळ्यांच्या अर्जांच्या फाइली होत्या. भाऊंना फोन लावला. ते म्हणाले, घाबरू नका, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या पानांवर, जा आणि साटा मोड (बोर्डाची डिस्कशी बोलायची पद्धत) 'आयडीई' दिसत असेल तर 'एएचसीआय' करा. केलं, आणि विंडोज उभं राहिलं. त्यांनी एसएसडी बसवताना ही सेटिंग बदललेली होती. आतल्या सेलने दगा दिला की बायोस आपल्या मूळ सेटिंगवर जातं, तारीखही जाते आणि ही निवडसुद्धा जाते. त्या दिवशी मी बायोसच्या एकेका पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. तुम्हीही काढून ठेवा, मशीन धड चालू आहे तेव्हाच.

विंडोज आलं, पण तारीख १ जानेवारी २०१२. ब्राउझरमध्ये एकही सरकारी साइट उघडेना, 'तुमचं घड्याळ मागे आहे' अशा अर्थाची सूचना यायची. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. आपलं मशीन २०१२ मध्ये बसलेलं असेल तर २०२५ चं प्रमाणपत्र त्याच्या हिशेबाने अजून सुरूच झालेलं नसतं. इंटरनेटवरून वेळ घ्यायला 'सिंक नाऊ' दाबलं, तेही होईना. नंतर कळलं की घरगुती विंडोज साधारण पंधरा तासांहून मोठा फरक आपणहून दुरुस्त करत नाही. म्हणून आधी तारीख, वर्ष आणि वेळ हाताने जवळपास लावायची आणि मग सिंक दाबायचं. हा क्रम लक्षात ठेवला तर बराच त्रास वाचतो.

केंद्रात येणारे जो तो आपापलं कारण सांगत होता. कुणी म्हणे नवीन एसएसडी जुन्या बोर्डाला मानवली नाही, कुणी म्हणे मिंट टाकल्यामुळे झालं, कुणी म्हणे व्हायरस. मिस्टर विहिरीवरच्या मोटरपंपाच्या वेळा लिहायला एक वही ठेवतात. तिच्याच मागच्या पानांवर मी घड्याळाची नोंद सुरू केली. मशीन बंद केलं तेव्हा मोबाइलची वेळ काय आणि कॉम्प्युटरची काय, प्लग लावलेला की काढलेला, सकाळी चालू केल्यावर दोन्ही वेळा काय, आणि दिवसभर मशीन चालू असताना संध्याकाळपर्यंत किती फरक पडला.

उत्तर त्या वहीतच मिळालं. दिवसभर मशीन चालू असताना फरक जवळजवळ शून्य. रात्री प्लग लावून ठेवला तर सकाळी वेळ बरोबर. प्लग काढला की घड्याळ मागे. म्हणजे घड्याळ चालवणारा क्वार्ट्झचा स्फटिक ठीक होता. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि चांगला असला तरी दिवसाला सेकंद-दोन सेकंद इकडेतिकडे होतोच, त्याची काळजी नसते. चालू मशीनवर मिनिटांच्या हिशेबात वेळ सरकत असती तर गोष्ट वेगळी होती, मग सॉफ्टवेअर किंवा बोर्ड तपासावा लागला असता. आमचं घड्याळ फक्त वीज तुटली की हरवत होतं, आणि तेव्हा त्याला जगवणारी एकच वस्तू असते, बोर्डावरचा नाण्याएवढा सेल.

आधी इतकी वर्षं हे का दिसलं नाही, याचंही उत्तर मिळालं. कॉम्प्युटर बंद असला तरी प्लग लावलेला असेल तर आतला वीजपुरवठा बोर्डाला ५ व्होल्टचा थोडासा करंट देत राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं. सेलची गरज पडत नाही. शहरातल्या ऑफिसात प्लग कधी निघतच नाही, त्यामुळे मेलेला सेलही वर्षभर लपून राहतो. आपल्याकडे विजा, भारनियमन, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, म्हणून लोक प्लग काढतात, आणि सेल उघडा पडतो. एसएसडीचा यात काडीचाही दोष नव्हता. मशीन दुकानात वीज न देता खोलून पडलं आणि घरी आल्यावर प्लग निघू लागला, एवढाच अपग्रेडचा संबंध.

सेलचं नाव सीआर २०३२. त्यातले २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. २७ ऑक्टोबरला दारव्ह्याला गेले तर पहिल्या दुकानात त्याने सीआर २०२५ पुढे केला, "बसते ताई, सेमच हाय." व्यास सारखा असतो हे खरं, पण तो २.५ मिलिमीटर जाड असतो आणि खोबणीत सैल बसू शकतो. मी नको म्हटलं. दुसऱ्या दुकानात बंद पाकिटातला २०३२ चाळीस रुपयांना मिळाला. डब्यात सुटे ठेवलेले सेल दहा-पंधराला मिळतात, पण ते किती दिवस तसे पडून आहेत कुणास ठाऊक, शिवाय एकमेकांना घासून उतरतात. पाकिटातलाच घ्यावा.

सेल बदलायला आम्ही गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्या दादांना बोलावलं, कारण त्यांच्याकडे मल्टिमीटर आहे. मशीन बंद केलं, प्लग काढला, मग चालू करण्याचं बटण काही सेकंद दाबून धरलं म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श केला. सेलच्या कडेला एक बारीक पितळी जीभ असते. ती नखाने बाहेर ढकलली की सेल टुण्णकन वर येतो, स्क्रूड्रायव्हरने उचकटायची गरज नसते. जुना सेल मीटरवर २.२ व्होल्ट. नवा ३.२. "हा त केव्हाचाच मेला," दादा म्हणाले. अधिकची बाजू वर ठेवून नवा बसवला. जुना सेल दादांनी लगेच शर्टच्या खिशात टाकला, कारण माझी धाकटी तिथेच घोटाळत होती. हे सेल लहान मुलांनी गिळले तर अन्ननलिका भाजते आणि तातडीने दवाखाना गाठावा लागतो. सेल बदलायच्या घाईत ही गोष्ट विसरू नका.

मग बायोसमध्ये जाऊन फोटो बघत साटा मोड एएचसीआय, सुरू होण्याचा क्रम, तारीख आणि वेळ सगळं पुन्हा भरलं. प्लग काढून ठेवला. सकाळी वेळ मोबाइलशी जुळली. त्या सकाळी किती हलकं वाटलं!

पण खरी परीक्षा पुढे होती.

३ नोव्हेंबर, सोमवार. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना, त्यात पीएम किसानच्या ई-केवायसीची गर्दी. सकाळचं टायपिंग, स्कॅनिंग, प्रिंट मी मिंटवर उरकते, कारण ते झरझर चालतं. अकराच्या सुमारास माणसं यायला लागली की मशीन पुन्हा सुरू करून विंडोजवर जाते, अंगठ्यासाठी. त्या दिवशी साइट उघडत होत्या, लॉगिन होत होतं, अंगठ्याचं मशीन लाल दिवा लावून बोट घेत होतं आणि शेवटी पडताळणी अयशस्वी. एकामागून एक, सगळ्यांचंच.

रांगेत एक आजी होत्या. कापसाची वेचणी ऐन भरात होती. वाळल्या बोंडाच्या टोकदार कडांनी बोटं कशी चिरतात ते ज्यांनी वेचलंय त्यांना सांगायला नको. मी ओल्या फडक्याने त्यांची बोटं पुसली, खोबरेल लावून पुन्हा पुसली, दहाही बोटं लावून पाहिली. "पोरी, माह्या बोटाइले काय झालं व? मांगच्या साली त लागलं होतं," त्या विचारत होत्या. त्यांचं वेचणीचं काम पडलेलं, आणि मजुरी किलोवर मिळते. त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवताना मला फार वाईट वाटलं. बोटं घासली असतील, दोन-चार दिवस काम थांबवून या, असं सांगायची आमच्याकडे पद्धतच पडली आहे. मीही तेच सांगितलं, कारण तेव्हा तेवढंच माहीत होतं.

मदत केंद्राकडे तिकीट, म्हणजे तक्रार, टाकलं. त्यासाठी ऑपरेटर आयडी, अंगठ्याच्या मशीनचा सिरियल नंबर, 'अयशस्वी' संदेशाचा स्क्रीनशॉट आणि मोबाइल नंबर लागतो. स्क्रीनशॉट अख्ख्या पडद्याचा घ्या, फक्त चौकटीचा नको, ते का ते पुढे येईलच. ६ तारखेला उत्तर आलं: आरडी सर्व्हिसची (अंगठ्याच्या मशीनच्या नोंदणीच्या सेवेची) मुदत तपासा आणि ड्रायव्हर, म्हणजे ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाका. मुदत शिल्लक होती. ड्रायव्हर पुन्हा टाकला आणि त्या दुपारी अंगठा लागला! दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पुन्हा बंद. कधी चालायचं, कधी नाही, त्यामुळे माणसं ताटकळायची आणि मला कुणाला काय वेळ द्यावी कळेना. ११ तारखेला दुसरं उत्तर आलं की डिव्हाइस सदोष दिसतं, नवीन घ्या. म्हणजे अडीच-तीन हजार रुपये, आणि तिकीट त्यांच्याकडून बंद.

त्याच आठवड्यात टपाल खात्यातून निवृत्त झालेले आमच्या गल्लीतले काका हयातीच्या दाखल्यासाठी आले. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना साधारणपणे नोव्हेंबरात दाखला द्यावा लागतो, त्यामुळे ते काळजीत होते. अंगठा लागेना म्हणून मी माझ्या मोबाइलवर चेहऱ्याची पडताळणी केली. पहिल्या झटक्यात झाली. आधार तोच, माणूस तोच, गावातलं नेटवर्क तेच. मोबाइलवर होतं आणि कॉम्प्युटरवर होत नाही, मग दोघांत वेगळं काय?

१२ तारखेला संध्याकाळी मी जुने स्क्रीनशॉट उघडून एकेक अक्षर वाचलं. 'अयशस्वी' या मोठ्या अक्षरांखाली बारीक आकडा होता, ५६१. आधार पडताळणीच्या चुकांना ठरलेले क्रमांक असतात. बोटाचे ठसे जुळले नाहीत तर ३०० येतो. ५६१ चा अर्थ विनंतीची मुदत संपली, म्हणजे पाठवलेल्या माहितीवरची वेळ फार जुनी आहे. वेळ पुढची असेल तर ५६२. आजींच्या बोटांत काहीही वाईट नव्हतं. ठसे तपासायची वेळच आली नव्हती, त्याआधीच विनंती शिळी म्हणून परत येत होती.

पोर्टल पडदाभर उघडं असतं आणि खालची पट्टी लपलेली, त्यामुळे घड्याळ दिसत नव्हतं. पट्टी वर आणली. मोबाइलवर ७ वाजून १० मिनिटं, विंडोजवर दुपारचे १ वाजून ४०. बरोबर साडेपाच तास मागे. मिनिटाचाही फरक नाही.

मरणारा सेल इतका नेमका कधी चुकत नाही. साडेपाच तास हा तर आपला जगाच्या प्रमाणवेळेशी असलेला फरक. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते, म्हणून ती जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असते. विंडोज बोर्डावरच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं. लिनक्स त्याच घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. सकाळी मिंटने बोर्डाच्या घड्याळात जागतिक वेळ लिहायची, अकराला विंडोजने तीच स्थानिक समजून वाचायची. ज्या दिवशी मी सरळ विंडोज सुरू केलं किंवा इंटरनेटवरून सिंक होऊन गेलं, त्या दिवशी अंगठा लागायचा. ड्रायव्हर टाकल्यावर 'सुधारलं' ते याचमुळे. एकट्या मशीनवर विंडोज ठरलेल्या अंतरानेच वेळ जुळवतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहता येत नाही. आणि फरक साडेपाचच तासांचा असल्याने साइटची प्रमाणपत्रं मात्र वैध ठरत होती, म्हणून घड्याळाचा संशयच येत नव्हता.

दुरुस्ती फुकटात झाली. मिंटमध्ये टर्मिनल उघडून 'टाइमडेटसीटीएल' या आदेशातून बोर्डाचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितलं. त्यातला 'सेट-लोकल-आरटीसी' हा पर्याय १ करायचा. मिंट इशारा देतं की ही पद्धत सर्व बाबतीत नीट चालेलच असं नाही. ती अडचण मुख्यतः उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ मागेपुढे करणाऱ्या देशांत येते, आपल्याकडे तसं काही नाही. उलट बाजूने विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत, बदल करून त्यालाच जागतिक वेळ शिकवता येते, पण केंद्राच्या मशीनवर रजिस्ट्रीला हात लावण्यापेक्षा मला हे बरं वाटलं. एकाच बाजूने करायचं मात्र, दोन्हीकडे केलं तर घोळ उलटा होतो. नंतर मिंट, विंडोज, पुन्हा मिंट असं फिरवून पाहिलं. दोन्हीकडे वेळ मोबाइलशी जुळली.

१३ तारखेला आजींना निरोप पाठवला. त्या वावरातून तशाच आल्या, ओटीला कापूस चिकटलेला. उजव्या हाताची तर्जनी ठेवली आणि ई-केवायसी झाली. "म्हंजे माहं बोट चांगलंच होतं," एवढंच म्हणाल्या आणि परत वेचणीला गेल्या. त्या आठवड्यात परत पाठवलेल्या सगळ्यांना फोन करून बोलावलं. खरंच ठसे न जुळणारे, म्हणजे ३०० वाले, त्यांच्यात मोजकेच निघाले. त्यांना मोबाइलवर चेहऱ्याने करून दिलं.

आता अंगठा लागला नाही की आम्ही आधी खालचा आकडा वाचतो, मग बोट पुसायला घेतो. नवीन डिव्हाइस घेतलं नाही, घड्याळापायी एकूण खर्च चाळीस रुपये आणि दारव्ह्याचं एसटीचं भाडं. मदत केंद्राचं तिकीट पुन्हा उघडून त्यात ५६१, साडेपाच तास आणि दोन प्रणालींचं कारण लिहून पाठवलंय. शेजारच्या गावातल्या केंद्रावरही असंच एसएसडी टाकलेलं जुनं मशीन आहे आणि तेही रात्री प्लग काढतात. पुढच्या बाजाराच्या दिवशी दादांचा मीटर घेऊन तिकडे जायचं ठरलंय, सीआर २०३२ चं एक पाकीट आणून ठेवलं आहे.